चमच्याच्या पाठीवर

कर्ड म्हणजे दही नव्हे, हिल्डा मिस्किटा म्हणाली,
आणि विरजण कुठून आणू असं विचारणाऱ्या मला
भिंतीपलीकडून हाक मारून आत घेतलं.
मरोळच्या गावठाणात तिचं बैठं घर,
त्याच्या उशाला आमची सात मजली सोसायटी,
मधे कंपाउंड, कंपाउंडवर काचा,
आणि काचांना न जुमानता आमच्या पार्किंगमध्ये उतरलेली
तिची पॅशनफ्रूटची वेल.

फळं पडतात ती नेमकी निमकरांच्या स्कूटरवर.
टप्प. पिकली की कुणाचं ऐकत नाहीत.
म्हणून फळ्यावर नोटीस:
सदर वेल पंधरा दिवसांत छाटण्यात येईल.
वेलीला 'सदर' म्हणता येतं
हे बँकेत वीस वर्षं काढूनही मला सुचलं नसतं.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
म्हणून हात माझे, नजर तिची.
स्टुलावर बसून सांगते:
सुरकुतलेलं घे. गुळगुळीत आहे ते ठेव,
त्याला अजून काही कळत नाही.
काप. आत केशरी गर, काळ्या बिया,
डबक्यातल्या बेडकाच्या अंड्यांसारखं काहीतरी,
आणि वास असा
की सिलिंडरवाला पैसे मोजायचे विसरला.

बलक चार.
माझ्या घरात अंडं येतं वर्तमानपत्रात गुंडाळून,
टरफलं जातात पुढच्या गल्लीच्या कचऱ्यात.
इथं मी दिवसाढवळ्या फोडते,
या टरफलातून त्या टरफलात बलक झेलत.

साखर घाल. लिंबू नको,
आंबट आहे पुरेसं, तुझ्या निमकरांसारखं.
खालचं पाणी उकळायचं नाही, नुसतं कुजबुजू दे.
वरच्या पातेल्याला ते शिवता कामा नये.
ढवळ. थांबू नको. फोन वाजला तरी.

फोन वाजला नाही, तरी थांबले.
खिडकीत वेलीचं फूल होतं.
आई कृष्णकमळात दाखवायची:
हे शंभर कौरव, हे पाच पांडव.
हिल्डाला तिथंच काट्यांचा मुकुट दिसतो,
पाच जखमा, वर तीन खिळे.
खिळे कुठले, मी विचारलं,
तेवढ्यात तळाशी अंडं धरलं.

बुरजी केलीस, ती म्हणाली.
चहाची गाळणी घे. कुणाला कळणार नाही.
मला कळेल, पण मी बोलणार नाही.

मग लोणी, एकेक तुकडा, आधीचा विरघळल्यावर पुढचा.
झालं हे कसं ओळखायचं?
चमचा उलटा कर, पाठीवरून बोट फिरव.
रेघेच्या दोन्ही बाजू पुन्हा एकमेकींकडे धावल्या
तर नाही झालं.
धावल्या.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा राहिली रेघ, सरळ, मधोमध,
वर काचा नसलेली.
बोट चाटलं.

तीन बाटल्या भरल्या. एक तिची, एक माझी.
तिसरी घेऊन निमकरांचं दार वाजवलं.
यात अंडं आहे, आधीच सांगितलं.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
दही आहे का हो, आतून त्यांच्या मिसेसनी विचारलं.
नाही, म्हटलं. सदर वेल आहे.

चार दिवसांनी बाटली माझ्या कडीला, पिशवीत.
घासून लख्ख, तळाशी मूठभर साखर.
रिकामं भांडं परत करायचं नसतं, एवढं पाळलं त्यांनी.
आतलं खाल्लं की मोरीत गेलं, मी विचारलं नाही.

नोटीस आहेच. अकरा दिवस झाले.
रात्री खाली टप्प वाजलं, गॅलरीत आले.
स्कूटरपाशी निमकर, बनियनवर, मोबाइलच्या उजेडात
फळावरून अंगठा फिरवत होते.
इकडेतिकडे पाहिलं,
आणि खिशात टाकायला गेले.
बनियनला खिसा नव्हता.